वेळेवर बंद होणारा हीटर

काल सकाळी दूधवाल्याची मोटारसायकल फाटकाशी थांबलेली ऐकू आली, कॅनचं झाकण वाजलं, पण दूधवाला काही दिसेना. पातेलं घेऊन पुढे झाले तर त्या पांढऱ्या पांढऱ्या धुक्यातून नुसता एक हात बाहेर आला, पातेल्यात मापभर दूध पडलं आणि मागून आवाज आला, "आ गई जी धुंध." झालं, चंदीगडला हिवाळा लागला. वर आले, पातेलं ओट्यावर ठेवलं आणि गॅस पेटवायच्या आधी हॉलमधल्या टाकीपाशी जाऊन उभी राहिले. हीटरचे दोन लाल दिवे लागलेले होते. थोड्या वेळाने टक् झालं आणि दोन्ही विझले. ते विझलेले बघितले तेव्हा कुठे मी दूध तापवायला गेले.

दिवा लागल्यावर हायसं वाटणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. विझल्यावर हायसं वाटणारं आमचं एकच घर असेल. त्याला कारण आहे आमचा समुद्र, आणि बाबांचा या शहरातला पहिला हिवाळा.

समुद्र म्हणजे सेक्टर तीसमधल्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या क्वार्टरात, टीव्हीच्या शेजारी ठेवलेली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. तळाला पांढरी वाळू, मध्ये भोकाभोकांच्या दगडांचा ढीग, त्यावर बटणांएवढ्या तोंडांचं मऊ कोरल, आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे ओढलेले दोन जोकर मासे. कोरलचा तुकडा मोहालीतल्या एका हौशी माणसाने आपल्या टाकीतून काढून दिला, मोगऱ्याची फांदी द्यावी तसा. हौस माझी. मी मालवणची, आणि नोकरीपायी मोहालीच्या आयटी ऑफिसात येऊन पडलेली. इथला सुखना तलाव छान आहे, मी नाही म्हणत नाही. पण तो फार शिस्तीचा. भरती नाही, ओहोटी नाही, वास तर नाहीच. मला काहीतरी खारट आणि हलणारं घरात हवं होतं.

माझा नवरा मिलिंद अकोल्याचा. त्याने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो आमच्या लग्नात, आणि तेव्हाही त्याने पाण्याचं तापमान विचारलं होतं. तो इथल्या प्रयोगशाळेत मोजायची यंत्रं तपासतो. मापं बरोबर सांगतात की नाही ते बघणं हाच त्याचा धंदा, त्यामुळे एका थर्मामीटरवर त्याचा कधीच विश्वास बसत नाही. सईला, म्हणजे आमच्या लेकीला, ताप आला की दोन थर्मामीटर लागतात. एकदा दोघांत फरक निघाला तर याने तिसरा काढला, आणि तोवर तिचा ताप उतरून ती खेळायला गेली होती. अशा माणसाच्या घरात समुद्र आणायचा म्हणजे समुद्राचीही परीक्षाच.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी बाबांना घेऊन आले. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. मालवणात ते एकटेच पेज करून खायचे, एकटेच पायरीवर बसायचे, आणि फोनवर विचारलं की "माका काय धाड भरली हा" म्हणायचे. मला भीती वाटायची. एखाद्या सकाळी फोन वाजत राहील आणि कुणी उचलणार नाही, या विचाराने ऑफिसात भर मीटिंगमध्ये माझे हात गार पडायचे. त्यांनी इथे राहावं, निदान हिवाळाभर तरी, एवढंच मला हवं होतं. ते आले, पण परतीचं तिकीट काढूनच. संक्रांतीच्या दोन दिवसांनंतरचं.

बाबांनी उभं आयुष्य बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात काढलं. मासेमारीच्या होड्या निघायच्या आधी त्यांना बर्फ भरून द्यायचा. लहानपणी मी डबा घेऊन जायची तर आत अमोनियाचा उग्र वास, पायाखाली ओला भुसा, आणि गोणपाटाखाली माझ्याहून उंच बर्फाच्या लाद्या. बाबा माझ्या गालाला हात लावायचे आणि मी किंचाळून पळायची. त्यांचे हात घरी आले तरी थंडच असत. आई चहाचा कप आधी त्यांच्या दोन्ही हातांत नीट बसवायची, मग सोडायची. असा माणूस चंदीगडच्या स्टेशनवर उतरला आणि पहिल्या वाऱ्यालाच म्हणाला, "बाय गो, ह्या काय? हय सगळा गावच कारखान्यात ठेवलला असा काय?"

टाकी पाहिली आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो माशांबद्दल नव्हे, पाण्याबद्दल. "ह्यां खारां पाणी खयसून हाडलंस?"

मी सांगितलं की मीठ विकत आणतो, फिल्टरच्या पाण्यात ठरल्या मापाने विरघळवतो, की झाला समुद्र. ते म्हणाले, "आमी समुद्रापासून मीठ करतो. तुमी मिठापासून समुद्र करतास. करा." आणि मग वाकून माशांकडे बघितलं. "ह्येंचा सार जावचा नाय. एका घासाचे पण नायत."

आणि मग थंडी आली. इथली घरं उन्हाळ्याला भिऊन बांधलेली आहेत. उंच छत, मोठ्या खिडक्या, आणि मोझॅकची फरशी, जिच्यावर डिसेंबरात अनवाणी पाय ठेवला तर कळ थेट दातांत जाते. हॉलमधलं पाणी रोज थोडं थोडं गार व्हायला लागलं. अशी टाकी चोवीस ते सव्वीस अंशांच्या दरम्यान स्थिर ठेवावी लागते. मालवणात हिवाळ्याच्या सकाळी वाळू पायाला गार लागते आणि पाण्यात पाऊल टाकलं की पाणी चक्क कोमट. लहानपणी मला वाटायचं, रात्री कुणीतरी समुद्राखाली चूल घालून जातं. इथे ती चूल आपणच घालायची होती. म्हणजे हीटर घ्यायचा होता.

रविवारी आम्ही तिघं मनीमाजराच्या बाजारात गेलो. तिथे एका बोळात पिंजऱ्यातले पक्षी, कुत्र्यांचे पट्टे आणि माशांच्या टाक्या विकणारं एक दुकान आहे. दुकानदाराला सगळे बिट्टू पाजी, म्हणजे बिट्टूदादा, म्हणतात. माणूस दिलदार, आम्ही आत शिरलो तेव्हा तो शेगडीवर हात शेकत बसला होता आणि बाबांची माकडटोपी बघून त्याने आधी त्यांना शेगडीपाशी जागा दिली, चहा मागवला, आणि मग आमच्याकडे वळला.

"ये लो जी," त्याने एक लांबलचक काचेची नळी पुढे केली. "दो सौ वॉट. पक्का माल है. एक बार लगा दो, फिर भूल जाओ. कभी बंद नहीं होगा."

"कभी बंद नहीं होगा?" मिलिंदने विचारलं.

"कभी नहीं जी. मेरी गॅरंटी."

"तो फिर ये नहीं चाहिए," मिलिंद म्हणाला.

बिट्टू पाजीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा त्याचाच चहा पीत बसले होते. पण मिलिंदचं एकदा यंत्रांवरून तोंड उघडलं की मिटत नाही. त्याने तिथेच, दुकानाच्या फळीवर, शेंगेची दोन टरफलं ठेवून आम्हाला समजावलं. हीटरच्या आत दोन बारीक पत्रे असतात. पाणी गार झालं की ते एकमेकांना टेकतात आणि हीटर पेटतो. पुरेसं गरम झालं की सुटतात. दर वेळी टेकताना बारीकशी ठिणगी पडते. कधीतरी ते एकमेकांना चिकटतात आणि सुटतच नाहीत. हीटर पेटला नाही तर पाणी हळूहळू गार होतं, आपल्याला कळायला वेळ मिळतो. पण थांबला नाही तर आपण ऑफिसातून येईपर्यंत सगळं संपलेलं असतं.

"मगे सार होतला," बाबा शेगडीपाशी बसून म्हणाले.

"अगदी बरोबर, बाबा. सार."

विश्वासाचा हीटर म्हणजे इमानेइतबारे तापत राहणारा, असंच मी धरून चालले होते. गीझर घेतानाही आपण हेच विचारतो, पाणी किती लवकर तापतं. थांबतो का, असं कुणी विचारत नाही.

मग ठरलं ते असं. दोनशेचा एक घ्यायचा नाही, शंभरचे दोन घ्यायचे. एक बंद पडला तरी दुसरा पाणी धरून ठेवील, आणि एखादा चिकटला तरी एकट्याच्याने टाकी शिजणार नाही. काचेचे नकोत, कारण पाणी बदलताना चुकून उघडे पडले तर तडकतात. मीठ लोखंडाचं काय करतं ते आम्हा मालवणकरांना कुणी सांगायला नको. म्हणून टायटेनियमचे. आणि हीटरच्या पोटातल्या पत्र्यांवर सगळी भिस्त न ठेवता, बाहेर एक वेगळा कंट्रोलर, ज्याची तार पाण्यात हीटरपासून लांब सोडायची, म्हणजे तो साऱ्या पाण्याचं खरं सांगेल. बिट्टू पाजीने हे सगळं ऐकून घेतलं, दिल्लीला फोन लावला, आठवड्याने माल मागवून दिला, आणि मला हळूच विचारलं, "मॅडमजी, साब घर में भी ऐसे ही हैं?" मी म्हटलं, "इससे भी ज्यादा."

नवे हीटर थेट टाकीत थोडेच जाणार. आधी बाथरूममधल्या बादलीत त्यांची परीक्षा. दोन थर्मामीटर, एक घड्याळ, आणि "कुणीही हात लावू नये" अशी तंबी. एका सकाळी मिलिंदने हीटर पुसायला बाहेर काढले, आणि तेवढ्यात बाबा आंघोळीला गेले. बादली भरलेली दिसली, जावयाने गरम पाणी काढून ठेवलं असं समजून त्यांनी पहिला तांब्या अंगावर घेतला. आतून जो आवाज आला तो मी कारखान्यातसुद्धा कधी ऐकला नव्हता. बाहेर आले ते दात वाजवत. "पंचवीस म्हणजे ह्यां? आणि ह्यात ते मासे रवतत?"

"त्यांना ते उबदार वाटतं, बाबा," मिलिंद म्हणाला.

त्या दिवसापासून बाबांना त्या माशांचा आदर वाटायला लागला. संध्याकाळी रजईत पाय घालून टाकीपुढे बसले असताना त्यांनी जाहीर केलं, "ह्या मासळेंनी जर हयली थंडी काढली, तर मी पण काढीन. नाय तर तिकीट असाच." सईने लगेच हात पुढे केला. "पक्का, आजोबा?" बाबांनी तिच्या हातावर टाळी दिली. "पक्का." तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं, आजोबांशी तिची गट्टी जमली ती अशी, ते मालवणीत आणि ती हिंदीत, आणि मधला दुभाषा कुणालाच नको.

त्यांनी थट्टेत म्हटलं असेल. मी थट्टेवारी घ्यायला तयार नव्हते. त्या दिवसापासून मी रोज टाकीत डोकवायची ती माशांसाठी कमी आणि बाबांसाठी जास्त. आणि बाबांच्या मागे तर मी हात धुऊनच लागले. मोजे घाला. दोन घाला. बदामाचं दूध घ्या. गच्चीवर उन्हात बसा, पण टोपी काढू नका. त्यांच्या खोलीत तेलाचा हीटर आणला, गादीवर घालायचं विजेचं पांघरूण आणलं. आणि या सगळ्यात जिथे फट मिळेल तिथे, "बाबा, रवा हो हयच. काय असा थय आता?" ते "बघूया" म्हणायचे. मी पुन्हा म्हणायची.

आता बाबांची एक सवय सांगायला हवी. ती बहुतेक मराठी घरांतल्या वडीलधाऱ्यांना असते, पण बाबांना ती जरा जास्तच आहे. झोपण्याआधी घरभर फेरी. गॅसचा नॉब, मागची कडी, नळ, आणि मग बटणं. कुठेही एखादं बटण उगाच चालू दिसलं की त्यांना झोप लागत नाही. टीव्हीचं प्लगपासून बंद, गीझर तर बंद केलेला असला तरी पुन्हा एकदा बंद. सकाळी सई कुरकुरत यायची, "मम्मा, आजोबा ने फिर से वायफाय बंद कर दिया." आम्ही हसायचो. घरात कुणीतरी असं फिरतंय, याचं मला तर बरंच वाटायचं; मालवणात मी अंथरुणात पडून हीच बटणं ऐकत झोपायची.

जानेवारीतली ती सकाळ. खिडकीबाहेर समोरचं झाडसुद्धा उरलं नव्हतं. मी टाकीपाशी आले आणि काहीतरी चुकलंय हे दिवा लावायच्या आधीच कळलं. पंप चालू होता, पाणी हलत होतं, पण मासे हलत नव्हते. दोघंही तळाच्या कोपऱ्यात, वाळूला टेकून, जरा कलते. कोरल मुठीसारखं मिटलेलं. लाल दिवे नव्हतेच. थर्मामीटर वीसच्याही खाली गेला होता. मी सोफ्याच्या मागे वाकून पाहिलं. दोन्ही हीटर, कंट्रोलर, आणि तापमान उतरलं की किंचाळणारा मिलिंदने स्वतः जोडलेला भोंगा, सगळं एकाच बोर्डावर होतं, आणि बोर्डाचं बटण बंद होतं.

मिलिंद बाहेर आला, त्याने बटण पाहिलं, भोंग्याची वायर पाहिली, आणि चष्मा काढून पुसत बसला. हीटर चिकटेल, तडकेल, कंट्रोलर खोटं बोलेल, लाइट जाईल, या सगळ्याचा विचार त्याने केला होता. सासऱ्यांचा केला नव्हता.

बाबा चहाचा कप घेऊन दारात उभे होते. "मीच केलंय," ते म्हणाले. रोज ते बटण सोफ्याआड असायचं. आदल्या दिवशी झाडताना कामाच्या बाईने सोफा सरकवला, आणि फेरीत त्यांना एक नवं चालू बटण सापडलं. "माका वाटला, उगीच चालू असा." त्यांचा चेहरा इतका पडला की मला माशांचं भान राहिलं नाही. मला दिसत होतं ते फक्त तिकीट.

मी किटली घेऊन धावले. मिलिंदने मनगट धरलं. "थांब. रात्रभर हळूहळू उतरलंय, दिवसभर हळूहळूच चढू दे. एकदम गरम केलंस तर थंडीने नाही, तुझ्या मायेने मरतील." त्याने बटण लावलं आणि कंट्रोलरचा आकडा पंचवीसवरून खाली, पाण्याच्या जेमतेम वर आणून ठेवला. मग दिवसभरात टप्प्याटप्प्याने वर न्यायचा, असं ठरलं.

बाबा आत गेले आणि आपली रजई घेऊन आले. जयपुरी, जाड, रात्री जिच्यातून त्यांचं फक्त नाक बाहेर असायचं, ती. टाकीच्या तीन बाजूंनी त्यांनी ती नीट खोचली, बर्फाच्या लादीला गोणपाट खोचायचे तशीच, कोपरे आत दाबत. मग दोन स्वेटर आणि माकडटोपीनिशी पुढे खुर्ची टाकून बसले. "जल्मभर मेलेले मासे थंड ठेवलंय," ते म्हणाले, "आता जिते मासे गरम ठेवूक शिकतंय."

मी सुट्टी टाकली. घरात बसून मी काय केलं असेल ते वेगळं सांगायला नकोच. बाबा, तुम्हाला थंडी वाजेल. बाबा, रजई नको, मी चादर आणते. बाबा, उन्हात जा, मी बसते. दूध घ्या. पाय वर घ्या. काही झालं तरी त्याचा आणि तुमच्या राहण्याचा काही संबंध नाही, कळलं ना, तुम्ही रवायचंच.

बाबांनी टाकीवरची नजर न काढता म्हटलं, "बिट्टू पाजीचो हीटर असस तू. बंदच होणस नाय."

मिलिंद हसायला लागला आणि मग माझ्याकडे बघून थांबला. मला आधी राग आला. आपण एवढं करतो आणि वर हे. मग मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसले, गार तर गार, आणि बाबांच्या कपाळावर, टोपीच्या खाली, चक्क घामाचे थेंब दिसले. दोन स्वेटर, टोपी, मोजे, आणि बाजूला मी लावलेला तेलाचा हीटर. माणूस उकडून निघत होता आणि मला सांगायची सोय नव्हती, कारण सांगितलं की मी आणखी काहीतरी आणायला उठत होते. मी हात लांब करून तो हीटर बंद केला. बाबांनी एक स्वेटर काढला.

थंडीमुळे सईची शाळा बंदच होती. ती आजोबांच्या मांडीला टेकून चित्र काढत बसली होती. आधी एक मासा कोपऱ्यातून निघाला, मग त्याच्या मागे दुसरा. दुपारी धुंध फाटून खिडकीतून उन्हाचा एक तुकडा आत आला, तेव्हा सईने बाबांची बाही ओढली. "आजोबा, देखो. खुल गया." कोरलचं एक बटण उघडलं होतं. मग शेजारचं. बाबा इतके पुढे वाकले की टोपीचा गोंडा काचेला लागला. "बरां असा," ते म्हणाले. एवढंच, पण दोनदा.

संध्याकाळी त्यांनी सईकडून कागद घेतला, त्यावर मोठ्या अक्षरात "ह्यां बटण बंद करूचां नाय" असं लिहिलं आणि बोर्डावर चिकटवलं. घरात त्या बटणाला हात लावणारे ते एकटेच होते, त्यामुळे ही सूचना त्यांनी स्वतःलाच केलेली होती. मिलिंदने भोंगा उचलून वेगळ्या बोर्डावर नेला आणि त्याबद्दल कुणाशी चर्चा केली नाही.

त्यानंतरचे दिवस मला फार जड गेले. मी "रवा" म्हणणं बंद केलं. ओठांवर यायचं, परत जायचं. बाबा गच्चीवर संत्र्यासारखे किन्नू सोलत बसलेले असायचे, शेजारच्या सरदारीण काकूंशी हातवाऱ्यांनी मोहरीच्या पाल्याचं साग कसं घोटायचं ते बोलत असायचे, आणि मी कपडे वाळत घालता घालता जीभ चावायची. माणसाला न ढवळता, न तापवता नुसतं त्याच्या शेजारी असणं किती कठीण असतं. हीटर खरंच शहाणा. त्याला एकदा आकडा सांगितला की तो तिथे थांबतो. आपल्याला आकडाच ठाऊक नसतो.

संक्रांतीच्या आदल्या रात्रीची लोहडी आली. आमच्या गल्लीत चौकाच्या कोपऱ्यावर लाकडं रचतात, सगळे खुर्च्या घेऊन बाहेर येतात, आणि आगीत तीळ, रेवड्या, मक्याच्या लाह्या टाकतात. बाबा हात पुढे करून बसले होते. ज्वाळेत त्यांचे ते हात लालसर दिसत होते. त्यांनी मूठभर तीळ टाकले आणि म्हणाले, "आमचो शिमगो हेंनी जरा लवकर घेतल्यानी." मग रेवडी चघळत, माझ्याकडे न बघता, त्यांनी जावयाला विचारलं.

"मिलिंदराव, ता रेल्वेचा तिकीट रद्द कसा करतत हो?"

मी पटकन मूठभर शेंगदाणे तोंडात कोंबले.

"का हो, बाबा?" मिलिंदने विचारलं.

"माशांची थंडी खय संपली अजून? पैज अर्धी सोडून जाणां बरां दिसणा नाय."

मिलिंदने खिशातून फोन काढला. मी तोंडभर शेंगदाणे चावत राहिले. रडू येत होतं तेही त्यांच्याबरोबर गिळलं. बाबांनी एकदा तिरक्या नजरेने माझ्याकडे पाहिलं, मी काहीच बोलत नाही याची खात्री करून घेतली, आणि रेवड्यांची पिशवी माझ्याकडे सरकवली.

ते होळीपर्यंत राहिले. मग घरी गेले, कारण त्यांचं घर तिथेच आहे, आणि मीही ते कबूल केलं. पुढच्या वर्षी थंडी पडायला लागली तसे स्वतःच तिकीट काढून आले. त्याच्या पुढच्या वर्षीही. डिसेंबरात सारी दुनिया ऊन खायला मालवणला जाते आणि हा एक म्हातारा माकडटोपी घेऊन उलट्या दिशेने निघतो, म्हणून बंदरावर त्यांची भरपूर थट्टा होते. ते सांगतात, थय माका काम असा. आणि खरंच असतं. टाकीतले हीटर आता दुसऱ्या जोडीचे आहेत. पहिले चालत असतानाच मिलिंदने बदलले, बिघडायची वाट बघायची नसते म्हणे. बोर्डावरचा कागद मात्र तोच आहे, कडा पिवळ्या पडलेला.

काल दूध उतू जाता जाता वाचवलं आणि बाबांना फोन लावला. पुढच्या आठवड्यात निघायचेत.

"पाणी किती असा?" त्यांनी आधी तेच विचारलं.

"पंचवीस."

"दोनी पेटतत?"

"पेटतत. आणि बंद पण होतत."

"मगे बरां."

तिथे मी थांबायला हवं होतं. पण धुंध पाहिली होती ना सकाळी. मी सुरू झाले. गाडीत खिडकीशी बसू नका. दिल्लीला पांघरूण बाहेर काढून ठेवा. मधल्या स्टेशनांवर उतरू नका, चहा डब्यातच घ्या. मोजे सुटकेसमध्ये नाही, हातातल्या पिशवीत. गाडीला उशीर होईल, घाबरू नका, मिलिंद येईल, मी पण येईन, आणि औषधं...

"झालां?" बाबा म्हणाले.

"आणि औषधां..."

"वाईच बंद हो गो बाय. मी येतंय."

मी बंद झाले. फोन दोघांनीही ठेवला नाही. बाबा पायरीवर बसलेले असावेत, कारण त्यांच्यामागे समुद्र ऐकू येत होता.